बाबा गेले. कागदपत्रांचं कुठून सुरू करू? (काका सह्या मागतायत)

थोरली

बाबा मागच्या सोमवारी गेले. पहाटे, घरीच, झोपेत. वय ७१. नेहमीच्या डॉक्टरांनी येऊन दाखला दिला, त्यावर अंत्यसंस्कार झाले. स्मशानभूमीची पावती आणि त्या दाखल्याची झेरॉक्स, एवढंच सध्या माझ्या हातात आहे.

घरात आई, धाकटा भाऊ आणि मी. माझं लग्न झालंय, मी दुसऱ्या शहरात असते, तेरावं झालं की मला परत जावं लागेल. आजी म्हणजे बाबांची आई गावी काकांकडे असते, ९२ वर्षांची आहे.

बाबा राज्य सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, पेन्शन होती. बचत खातं एकट्याच्या नावावर, नॉमिनी आई. एफडी आई-बाबांच्या जॉइंट. फ्लॅट बाबांच्या नावावर. गावी थोडी शेती, सातबाऱ्यावर काका आणि बाबा दोघांची नावं. एक स्कूटर. मृत्युपत्र केल्याचं कुणालाच माहीत नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एक काम सांगून जातो. आधार बंद करा. पॅन रद्द करा. सिम आधी बंद करा, नाहीतर फ्रॉड होईल. बँकेत एवढ्यात कळवू नका, आधी पैसे काढून घ्या. भाऊ बाबांचं एटीएम कार्ड घेऊन निघालाच होता, दिवसांच्या खर्चासाठी. मी अडवलं, पण का नको ते मला धड सांगता येईना.

आणि परवा काका एक टाइप केलेला अर्ज घेऊन आले. वारस नोंदीचा आहे म्हणाले, मायलेकींनी खाली सह्या करा, तलाठ्याकडचं मी बघतो. त्यात वारस म्हणून फक्त भावाचं नाव आहे. काका माणूस म्हणून वाईट नाहीत, बाबांच्या आजारपणात तेच धावले होते. आई म्हणते कर सही, उगाच वाकडेपणा नको. मी अजून केलेली नाही.

नेटवर चाळीस-चाळीस कलमांच्या याद्या आहेत, त्या वाचून डोकं जास्तच फिरतं. मला एवढंच सांगा, या पंधरा दिवसांत खरंच काय करावं लागतं आणि काय थांबलं तरी चालतं?

---

काउंटर_चार

थोरली, बाबांचं वाचून वाईट वाटलं गं. मी बँकेतून रिटायर झालेली बाई आहे. शेवटची बरीच वर्षं मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल माझ्याकडे होतं, त्यामुळे तुझ्यासारख्या लेकी, सुना, बायका रोज समोर बसलेल्या पाहिल्यात. "तू" म्हणतेय, चालेल ना?

सही केली नाहीस ते उत्तम केलंस. आईलाही सांग, सध्या कुठल्याच कागदावर सही नाही. काकांच्याच नाही, एजंटच्या नाही, भावाच्या मित्राच्याही नाही. भांडायची गरज नाही. "तेरावं होऊ दे काका, मग वाचून करते" एवढं पुरतं.

पंधरा दिवसांतली कामं माझ्या मते तीनच आहेत. मृत्यूची नोंद, पेन्शनचं कळवणं आणि बाबांचा फोन जिवंत ठेवणं. घरात बाकीची गर्दी करू देऊ नका.

नोंदीचं आधी. माणूस दवाखान्यात गेला तर दवाखाना कळवतो, घरी गेला तर घरच्यांनी कळवायचं असतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्याच पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते. "गावच्या ग्रामपंचायतीत आपली ओळख आहे, तिथे करून घेऊ" असं कुणीतरी सुचवेलच, त्याला नाही म्हणायचं. स्मशानभूमीत फॉर्म भरून घेतला असला तरी तो नोंदणी कार्यालयात पोचला का, हे भावाने स्वतः जाऊन बघावं.

आणि नाव! यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या टेबलावरची निम्मी रडारड यावरून व्हायची. समज, माणसाचं नाव ज्ञानेश्वर. आधारवर इंग्रजी स्पेलिंग "डी"पासून, आमच्या खात्यात "जी"पासून, पेन्शनच्या कागदावर नुसतं "डी. के." आणि आडनाव. आता मृत्यू दाखल्यावर कारकुनाने कानाने ऐकून चौथंच काहीतरी लिहिलं, की ती बाई माझ्यासमोर बसून विचारायची, "अहो, माझे मिस्टर एकच होते ना?" होते ना, पण कागदावर चार झाले. मग "ही सर्व नावे एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र, त्याला एक कार्यालय हो म्हणतं, दुसरं नाही म्हणतं. म्हणून दाखला छापायच्या आधी नोंदीचा मसुदा बघायला मागायचा. बाबांचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, त्यांच्या वडिलांचं, आईचं, तुझ्या आईचं नाव, तारीख, पत्ता, सगळं आधारशी आणि बँक पासबुकाशी ताडून बघायचं. खिडकीवर मागे रांग असते, लोक चुळबुळ करतात, करू देत. नंतरही दुरुस्ती होते, पण तिला वेगळा अर्ज आणि वेगळे हेलपाटे. हल्ली दाखल्यावर क्यूआर कोड असतो, ऑनलाइन पडताळता येतो, तरीही प्रत्येक कार्यालय आपल्या फायलीला एक प्रत मागतंच. दहा प्रती एकदम घेऊन ठेवा.

पेन्शन. बँकेला आणि कोषागाराला लेखी कळवा, पोच घ्या. मृत्यूनंतरच्या काळाची पेन्शन खात्यात आली तर ती परत जाते, म्हणून त्या पैशाला हात लावायचा नाही. आईची कुटुंब निवृत्ती (फॅमिली पेन्शन) बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरली जाते, अर्ज महिनाभराने केला तरी थकबाकी मिळते. घरात पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, शोधा, ते जुनं पिवळं पडलेलं पुस्तक असतं बघ. त्यात आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का बघा. आईचं स्वतःचं खातं नसेल तर ते आत्ताच काढून ठेवा. पुढे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला तिला द्यावा लागेल, हे भावाच्या कानावर घालून ठेव, कारण तू तिथे नसशील.

फोन. सिम बंद करू नका, उलट रिचार्ज मारा. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर बंद होऊ शकतो, पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. बाबांचे सगळे व्यवहार त्या एसएमएसमध्ये आहेत: विम्याच्या हप्त्याची आठवण, म्युच्युअल फंडाचा संदेश, लाइट बिल कुठल्या खात्यातून कापलं जातं ते. शेअर किंवा फंड असतील तर त्यांच्या ईमेलवर एकत्रित खातेउतारा येत असणार, पॅनवरची सगळी गुंतवणूक त्या एका कागदात दिसते. हे सगळं वाचायचं, वहीत उतरवायचं. ओटीपी घालून पैसे मात्र हलवायचे नाहीत.

भावाला कारण सांग: खातेदार गेला की त्याचं कार्ड, त्याचा पिन, त्याचं यूपीआय वापरायचा अधिकार कुणालाच राहत नाही, मुलालाही नाही. दाव्याच्या वेळी आम्ही खातेउतारा काढतो. मृत्यूची तारीख एक आणि एटीएमची तारीख त्याच्या पुढची, की प्रश्न आलाच. रक्कम किरकोळ असली तरी दुसरा वारस उद्या बोट दाखवू शकतो. खर्चाला पैसे लागत असतील तर जॉइंट एफडी बघा. "दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो" अशी असेल तर मुदत संपली की आई एकटी ती घेऊ शकते. खातेदाराच्या मृत्यूमुळे मुदतीआधी मोडावी लागली तर बँक दंड लावत नाही, फक्त त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती लागेल का ते शाखेत विचारा.

बचत खात्याचं सोपं आहे. नॉमिनी आई, म्हणजे दाव्याचा फॉर्म, मृत्यू दाखला आणि तिची ओळखीची कागदपत्रं. कागद पूर्ण असले की १५ दिवसांत निकाल लावा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. नॉमिनी असताना कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं नसतं. कुणी मागितलंच तर "लेखी द्या" म्हणायचं, बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते. फक्त एक कळवण्याआधी बघा: खातं थांबलं की त्यातून कापली जाणारी बिलंही थांबतात. लाइट, सोसायटीचा मेंटेनन्स, इंटरनेट आईच्या खात्याला लावून घ्या.

पॅन इतक्यात रद्द करू नका, बाबांचं शेवटचं रिटर्न भरायचं असतं आणि ते पोर्टलवर वारस म्हणून नोंदवून तुमच्यापैकी एकाने भरायचं. आधार, मतदार यादी, रेशन कार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं पुढच्या महिन्यात. कुणाचं काही अडत नाही.

शेतीचं मला कळत नाही, ते कुणी माहीतगार सांगेल.

---

निशिगंध

काउंटर मावशींनी पेन्शनवाल्यांचं सांगितलं. माझे मिस्टर ४६ व्या वर्षी गेले, खासगी नोकरीत असताना. तुझ्या बाबांना यातलं बरंच लागू नाही, पण हा धागा उद्या कुणीतरी माझ्यासारखी वाचेल, म्हणून लिहिते.

बँक पासबुकात ४३६ आणि २० रुपयांच्या नोंदी शोधा. मे-जूनच्या आसपास कापलेल्या असतात. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २० म्हणजे सुरक्षा विमा. पहिल्यात मृत्यू कशानेही होवो २ लाख (वयाच्या ५५ पर्यंत), दुसऱ्यात अपघात असेल तर २ लाख. खातं उघडताना कुणीतरी टिक केलेलं असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. माझ्याकडे ४३६ ची नोंद दिरांना दिसली, मला नाही.

दुसरं, पीएफ. पैसे आणि विधवा पेन्शन लोकांना माहीत असतं, त्याच पीएफला जोडलेला विमा माहीत नसतो. ईडीएलआय म्हणतात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर जास्तीत जास्त ७ लाख. त्याचा हप्ता पगारातून कापत नाहीत, कंपनी भरते, म्हणून सॅलरी स्लिपवर दिसतच नाही. फॉर्म वेगळा आहे, ५-आयएफ. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते ती मृत्यू झाल्यास लागत नाही. एचआरने "चारच वर्षं झाली होती" म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आणि फोन. आम्ही पेपरात फोटोसकट बातमी दिली होती, खाली नंबर. तेरा दिवस संपायच्या आत "मॅडम, सरांच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, फाइल चार्ज भरा" सुरू. नाव, वय, सगळं बरोबर सांगायचे. विमा मिळवायला आधी पैसे भरावे लागत नाहीत, हे आईला दहा वेळा सांग. एकटी असताना ती घाबरून भरेल.

एका कार्यालयात मला "मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल" असंही सांगण्यात आलं. टेबलावर मृत्यू दाखला, त्यावर त्यांचा पेपरवेट. मी हसले. तो माणूस दचकला बिचारा. सांगायचा मुद्दा, रागवायला शक्ती उरत नाही, म्हणून शक्यतो बरोबर एक माणूस न्यावा ज्याला रागावता येतं.

---

बांधावरचा

शेतीचं सांगतो. ताई, त्या अर्जावर सही करू नका हे बरोबर, पण वारस नोंद टाळूही नका.

जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९ प्रमाणे ३ महिन्यांत कळवायचं असतं. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, माणूस तोच. अर्ज तुम्ही स्वतः सरकारच्या ई-हक्क पोर्टलवरून घरबसल्या करू शकता, काकांनी करायची काही गरज नाही. मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं स्वयंघोषणापत्र जोडायचं. वारसांची नोंद गाव नमुना ६-क ला होते, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातल्या बदलाची नोंद) पडतो, हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात.

लग्न झालेली लेक वारस असतेच. सगळ्या वारसांची नावं न देता एकट्या मुलाचं नाव देणं म्हणजे खोटं घोषणापत्र, आणि त्यात फसेल तुमचा भाऊ, कारण अर्जदार तो. तुम्हाला पुढे हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण तो वेगळा दस्त. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नोटरी चालत नाही. आधी नाव लावा, सोडायचं तर मग सोडा. बऱ्याच घरांत हे उलट करतात आणि पुढे बहीण-भाऊ बोलत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, जी अजून कुणीच बोललं नाही. तुमची आजी हयात आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ लागू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगा, मुलगी आणि आई अशी चौघं येतात. वडील त्यात नसतात, आई असते. म्हणजे बाबांचा जो काही हिस्सा आहे त्याचे चार समान भाग, एक आजीचा. फक्त शेतीत नाही, फ्लॅटमध्येही. वडिलोपार्जित जमिनीत बाबांचा हिस्सा नेमका किती हे वकिलाकडून काढून घ्या, पण चौथा वारस आहे हे नक्की.

काकांच्या मनात काय आहे मला माहीत नाही, असेलच असं नाही. पण हिशोब असा: आजीने काही लिहून न ठेवता ती गेली, तर तिचा हिस्सा तिच्या मुलांकडे जाणार. काकांकडे, आणि बाबांच्या वाट्याचा तुम्हा दोघा भावंडांकडे. म्हणजे तुमच्या राहत्या फ्लॅटमध्ये काकांचं नाव येऊ शकतं. आत्या असतील तर त्याही आल्या.

---

चाकधर

स्कूटर भाऊ चालवत असेल तर आरटीओला ३० दिवसांत मृत्यू कळवा. कळवलं असेल तर ३ महिन्यांपर्यंत तशी चालवता येते, तेवढ्यात फॉर्म ३१ भरून नावावर करायची. इन्शुरन्सही बदला, तो लोक विसरतात आणि मग अपघात झाला की कंपनी कागद मागते.

---

थोरली

सगळ्यांचे आभार. भाऊ आज पालिकेत जाऊन आला. फॉर्म पोचला होता, पण बाबांच्या आईच्या रकान्यात आजीच्या नावाला "सौ." लावलेलं आणि आमच्या आईच्या नावाची जागा कोरीच. तिथेच दुरुस्त करून घेतलं. एटीएमचं त्याला पटलं, मावशींचा परिच्छेद त्याला तसाच वाचून दाखवला.

आजीचं वाचून मात्र आई गप्पच झाली. तिच्या डोक्यात आजी "वारस" म्हणून कधी आलीच नव्हती, माझ्याही नाही. आजीला कमी दिसतं, चालता येत नाही. डोकं शाबूत आहे, बाबांचं विचारते सारखी. आता तिच्या सह्या आणायला गावी जायचं का? की काकांनाच सांगू? ते आणतील म्हणतायत.

---

काउंटर_चार

बांधावरच्या दादांनी चांगलं पकडलं. माझ्याकडे बँकेतही आई हयात असलेली प्रकरणं यायची आणि नव्वद टक्के घरं तिचं नाव लिहायचीच नाहीत. मुद्दाम नाही, म्हातारी माणसं हिशोबातून गळतात.

सध्या आजीची कुठेच सही नको. बचत खात्याचा दावा नॉमिनी म्हणून आई करेल, त्याला आजीची सही लागत नाही. पण आईला हे माहीत असू दे की नॉमिनीला मिळालेले पैसे वारसांच्या वतीने मिळालेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत २०२३ च्या डिसेंबरातही हेच सांगितलं. वारस नोंदीत आजीचं नाव घालायचंय, तेवढंच.

फ्लॅटचं निवांत. आजीची स्वतःची इच्छा असेल आपला भाग सुनेला द्यायची, तर हक्कसोडपत्र होऊ शकतं. अंगठा चालतो. चालता येत नसेल तर दुय्यम निबंधक अर्ज आणि शुल्क घेऊन घरी येऊन नोंदणी करतात. त्या दिवशी तिला समजतंय असा डॉक्टरांचा दाखला घ्या, साक्षीदार बाहेरचे घ्या. काका साक्षीदार नकोत, त्यांचा यात संबंध येतो. आणि त्यांच्या हाती कोरा कागद देऊन अंगठा आणायला पाठवू नकोस, ते कितीही चांगले असले तरी. उद्या तेच म्हणतील की मला कशाला मध्ये घातलं.

पण त्याआधी गावी जाऊन ये गं, कागद न नेता. मुलगा तिचा गेलाय.

काकांना त्यांच्या अर्जाचं उत्तर तूच फोनवर दे, आईवर टाकू नकोस: "काका, ई-हक्कवर आम्ही चौघांची नावं घालून अर्ज करतोय, तुम्हाला नोटीस येईल." त्यांना खरंच मदत करायची असेल तर जुन्या फेरफारांचे नंबर माग, ते त्यांच्याकडे असतील.

दाखला हातात आला की पीपीओमधलं आईचं नाव त्याच्याशी जुळतंय का ते बघून इथे लिही. कुटुंब निवृत्तीच्या अर्जाला आईचे फोटो, पॅन आणि तिच्या खात्याचा रद्द केलेला चेक लागेल, तू परत जायच्या आधी तेवढं एका पाकिटात घालून ठेव.